‘स्वस्त’ या शब्दाची किंमत

समीक्षा कवितासंग्रहाची होते, कादंबरीची होते, क्वचित एखाद्या कोशाचीही होते. शोधनिबंधांची समीक्षा दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. पण गेली दहा-बारा वर्षे मी सर्वांत जास्त वाचले ते हेच लेखन. ते इंग्रजीत असते, त्याला चार ते दहा लेखक असतात, आणि त्याच्या शीर्षकात किंवा पहिल्या चार ओळींत ‘स्वस्त’ या अर्थाचा शब्द हमखास असतो. विषय एकच : पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी नॅनो पदार्थांचा स्वस्त उत्प्रेरक. यवतमाळसारख्या जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे हे निबंध वाचायला, तपासायला, कधी दुरुस्त करायला येतात. आता त्यांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे. त्याचे संकेत ठरलेले, नांदी ठरलेली, शेवटचा तक्ताही ठरलेला. म्हणून त्याचे वाचनही वाङ्मयाच्या शिस्तीने व्हावे, असे मला वाटते.

नांदी अशी. खनिज तेल संपत आले आहे, पृथ्वी तापते आहे, हायड्रोजन जळला की फक्त पाणी उरते. पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, पण त्यासाठी लागणारे प्लॅटिनम, इरिडियम, रुथेनियम फार महाग. म्हणून आम्ही निकेलचा (किंवा कोबाल्टचा, लोहाचा, मॉलिब्डेनमचा) स्वस्त पदार्थ तयार केला. यातले प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. गडबड त्यांना जोडणाऱ्या ‘म्हणून’मध्ये आहे.

ती समजण्यासाठी थोडे विज्ञान लागेल. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी व्होल्टाच्या नव्या घटाच्या तारा पाण्यात सोडल्या तेव्हा एका टोकाशी हायड्रोजनचे आणि दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजनचे बुडबुडे आले. तत्त्व आजही तेच आहे. पाण्याचा रेणू विजेने फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात मात्र १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात, कारण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर अणू तुटताना-जुळताना अडखळतात. हा जादा व्होल्ट कमी करणे एवढेच उत्प्रेरकाचे काम. १.२३ च्या खाली तो नेऊ शकत नाही. म्हणजे उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी पाणी हे इंधन होत नाही. इंधन वीजच राहते आणि हायड्रोजन हा तिचा साठा. मराठी वर्तमानपत्रांच्या ‘पाण्यावर धावणार गाडी’ छापाच्या मथळ्यांनी हा एवढा भेद गेली कित्येक वर्षे पुसून टाकला आहे.

आता ‘नॅनो’ कशासाठी? याचे सुंदर उदाहरण मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे आहे. ग्रीसमध्ये वंगण म्हणून मिसळतात तो हा काळा, पापुद्र्यांचा पदार्थ. हायड्रोजन तयार करण्याच्या कामी तो निरुपयोगी समजला जाई. २००५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गणिताने दाखवले की त्याचा सपाट भाग सुस्त असला तरी पापुद्र्याच्या कडेवरचे अणू प्लॅटिनमच्या जवळपास काम करू शकतात. २००७ मध्ये प्रयोगाने ते सिद्धही झाले. मग कडा वाढवायच्या तर कण लहान करायचे. एका भाकरीची कड किती आणि तिचे बारीक तुकडे केले तर सगळ्या तुकड्यांच्या कडा मिळून किती, एवढा हा हिशेब. या दोन निबंधांत ‘स्वस्त’ हा शब्द मिरवलेला नाही. त्यांनी ‘का’ हा प्रश्न विचारला होता. त्यांच्या मागून आलेल्या हजारो निबंधांनी बहुतेक वेळा ‘किती’ एवढेच विचारले.

आणि ‘किती’चेही माप चमत्कारिक. या साहित्यात सगळे उत्प्रेरक दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअर या प्रवाहावर तोलले जातात. हा आकडा मूळचा सूर्यप्रकाशाने थेट पाणी फोडणाऱ्या उपकरणांचा. तिथे तो शोभतो. विजेवर चालणाऱ्या कारखान्यातला इलेक्ट्रोड याच्या वीस-पन्नास पट, कधी दोनशे पट प्रवाह वाहतो. वाचकांनी माझ्याबरोबर एक गणित करावे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास वीज वाहावी लागते. प्रयोगशाळेतला नमुना असतो एक चौरस सेंटीमीटरचा, नखाएवढा. १० मिलिअँपिअरने तो एक किलो हायड्रोजन तयार करायला तीनशेहून अधिक वर्षे घेईल. आणि निबंधात त्याच्या टिकाऊपणाची ग्वाही असते चोवीस तासांची, फार तर पन्नास. कारखान्यातली यंत्रे साठ ते ऐंशी हजार तास चालावीत अशी अपेक्षा असते. चोवीस तासांच्या पायावर ‘उत्कृष्ट दीर्घकालीन स्थैर्य’ असे लिहिणारी विशेषणे आपल्या स्मरणिकांतल्या गौरवलेखांनाच शोभावीत.

पण माझा मुख्य आक्षेप प्रतिस्पर्ध्याच्या निवडीवर आहे. शेवटच्या तक्त्यात लेखक आपल्या निकेलची तुलना प्लॅटिनमशी आणि इरिडियम वा रुथेनियमच्या ऑक्साइडशी करतात. प्रयोग मात्र केलेला असतो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, म्हणजे अल्कलीत. अल्कलीतल्या यंत्रांत मौल्यवान धातू वापरण्याची गरज उद्योगाला कधी पडलीच नाही. तिथे शंभर वर्षे निकेलच चालत आले आहे. आपल्याकडे नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढला जाई आणि १९६२ मध्ये तिथेच देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला. खरा प्रतिस्पर्धी आहे जुने निकेल. त्यातही रेनीचे.

या मरे रेनीची गोष्ट कापसाच्या जिल्ह्याने ऐकण्यासारखी आहे. १९२१ च्या सुमारास तो अमेरिकेत टेनेसीमधल्या एका तेल कंपनीत होता. वनस्पती तेलात हायड्रोजन मुरवून ते घट्ट करायचे, आपल्या डालड्यासारखे, आणि त्यासाठीचा हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनाने काढायचा. ती यंत्रे बसवणे हे त्याचे काम. तेल घट्ट करणारा निकेलचा उत्प्रेरक त्याला मंद वाटला. त्याने निकेलचा दुसऱ्या मूलद्रव्याशी मिश्रधातू केला आणि ते दुसरे मूलद्रव्य कॉस्टिक सोड्याने धुऊन काढले. मागे राहिले असंख्य सूक्ष्म छिद्रांचे निकेल. सरकीच्या तेलावर ते आधीच्या उत्प्रेरकाच्या पाचपट चालले. १९२५ मध्ये पहिले पेटंट, १९२७ मध्ये अॅल्युमिनियमवाल्या मिश्रधातूचे. पुढे हेच सच्छिद्र निकेल अल्कलीच्या यंत्रांत इलेक्ट्रोडवर आले. म्हणजे स्वस्त धातूचा, अतिसूक्ष्म रचनेचा, हायड्रोजनच्या कामाचा उत्प्रेरक शंभर वर्षांपूर्वी सरकीच्या तेलापायी जन्मला. आजच्या तक्त्यांत त्याचे नाव मी क्वचितच पाहिले आहे. त्याच्याशी तुलना केली तर बहुतेकांची आघाडी बारीक होते, हे त्याचे कारण असावे.

इरिडियमचा प्रश्न खोटा आहे असे मात्र नव्हे. आम्लधर्मी पडदा असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत निकेल विरघळून जाते. तिथे ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियमला पर्याय अजून रुळलेला नाही. पण तिथेही अडचण किमतीची कमी आणि दुर्मीळपणाची जास्त आहे. जगात वर्षाला सात-आठ टन इरिडियम निघते, तेही प्लॅटिनमच्या खाणींतला जोडमाल म्हणून. किमतीचेच बोलायचे तर एका चौरस सेंटीमीटरवर दोन मिलिग्रॅम इरिडियम धरू, ग्रॅमचा भाव तेरा-चौदा हजार रुपये धरू. म्हणजे सत्तावीस रुपयांचे इरिडियम झाले. दोन अँपिअरने साठ हजार तास चालले तर ते साडेचार किलो हायड्रोजन देते. किलोमागे सहा रुपये. त्याच किलोला वीज लागते पन्नासेक युनिट. युनिटला पाच रुपये धरले तरी अडीचशे. लग्नाचा खर्च कमी करायचा म्हणून अक्षतांचे तांदूळ मोजण्यासारखे हे झाले.

खरी बचत दुसरीकडे आहे. एका किलोमागे दर व्होल्टला साधारण साडेसव्वीस युनिट वीज जाते. उत्प्रेरकाने जादा व्होल्ट एक दशांशाने कमी केला तर अडीच युनिटांहून थोडी जास्त वीज वाचते, तेरा-एक रुपयांची. म्हणजे धातू महाग असूनही चांगला उत्प्रेरक स्वस्त पडू शकतो आणि मातीमोल धातूचा सुमार उत्प्रेरक महागात जाऊ शकतो. या साहित्यातला ‘स्वस्त’ हा धातूच्या बाजारभावावरून ठरतो. वीज, तास आणि टिकाऊपणा त्याच्या हिशेबात नाहीत.

आमच्या भागात या प्रकाराची एक देशी उपशाखा फोफावली आहे : शेतातल्या कचऱ्यापासून कार्बन आणि त्यावर धातूचे कण. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे कुटार, संत्र्याची साल, जे हाताशी असेल ते. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीचे ढीग बांधावर पेटतात, ते ज्याने पाहिले त्याला या कल्पनेचा मोह का पडतो हे सांगायला नको. मलाही पडला होता. पण कृती वाचावी. पऱ्हाटी वाळवून दळायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मुरवायची, नायट्रोजनच्या प्रवाहात सातशे-आठशे अंशांवर दोन-तीन तास भट्टीत ठेवायची, मग आम्लाने आणि भरपूर शुद्ध पाण्याने धुवायची. पऱ्हाटी फुकट, पण भट्टीची वीज, नायट्रोजनचे सिलिंडर, आम्ल, पाणी यांचा निबंधात कुठेही आकडा नसतो. ‘टाकाऊ’ हा शब्दही इथे शहरी आहे. पऱ्हाटी आमच्याकडे चुलीत जाते, कुंपणाला लागते. जिच्या चुलीला अजून तीच लागते, ती बाई तिला टाकाऊ म्हणणार नाही.

साहित्याच्या वाचकांना ‘उत्प्रेरक’ हा शब्द भेटला तो रसायनाच्या तासाला नव्हे, एलियटमुळे. १९१९ च्या ‘परंपरा आणि वैयक्तिक प्रतिभा’ या निबंधात त्याने कवीच्या मनाला प्लॅटिनमच्या तंतूची उपमा दिली. दोन वायू एकत्र येतात, संयुग बनते, प्लॅटिनम मात्र तसेच अलिप्त राहते. (त्याने त्यातून जे आम्ल बनवले ते रसायनशास्त्राप्रमाणे चुकीचे आहे, समीक्षकांनी हे फारसे मनावर घेतले नाही.) मर्ढेकरांच्या पिढीपासून मराठी समीक्षेत ही उपमा फिरते आहे. पण ‘उत्प्रेरक बदलत नाही’ हे या नव्या पदार्थांच्या बाबतीत बहुधा खोटे ठरते. निकेलचा सल्फाइड, सेलेनाइड किंवा फॉस्फाइड ऑक्सिजनच्या बाजूला लावला की विजेच्या माऱ्यात त्याचा पृष्ठभाग लवकरच ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये बदलतो. काम करतो तो हा बदललेला पदार्थ. शीर्षकात नाव मात्र मूळ पदार्थाचे, आणि निबंधाची चार पाने त्याच मूळ पदार्थाच्या छायाचित्रांनी भरलेली. चरित्र लिहायचे एकाचे आणि कर्तृत्व दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

याहून नवलाची गोष्ट निकेलचीच आहे. निकेल हायड्रॉक्साइड ऑक्सिजन काढण्यात तरबेज म्हणून कित्येक दशके नावाजले गेले. १९८७ मध्ये कॉरिगन या संशोधकाने दाखवले की द्रावणातले लेशमात्र लोह त्यात शिरते आणि त्याने फार फरक पडतो. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या गटाने अल्कली काटेकोरपणे लोहमुक्त करून प्रयोग केले, तेव्हा शुद्ध निकेल सुमार निघाले. इतकी वर्षे कौतुक निकेलचे होत होते आणि काम करत होती बाटलीतली अशुद्धी.

अशीच एक अशुद्धी माझ्या अगदी जवळ घडली. घाटंजी तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे पीएचडीचे काम करत होती. कॉलेजचे नाव सांगत नाही; तिथे आता दुसरी माणसे आहेत. पऱ्हाटीच्या कार्बनवर कोबाल्ट, आम्लाच्या द्रावणात हायड्रोजन, आणि समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमच्या तारेचा. सगळे जसे करतात तसेच. निकाल उत्तम येत होते. निबंध लिहून झाला होता, ‘स्वस्त’ आणि ‘प्लॅटिनममुक्त’ हे दोन्ही शब्द मीच शीर्षकात घातले होते. एके दिवशी ती म्हणाली, “सर, हा नमुना रोज आदल्या दिवसापेक्षा चांगला चालतो. असं व्हायला पाहिजे का?” मी म्हणालो, पृष्ठभाग हळूहळू जागा होत असेल. तसे लिहिण्याची पद्धत आहे. मीही वाचलेलेच बोललो.

तिचे समाधान झाले नाही. तिने प्लॅटिनमची तार काढून ग्रॅफाइटची कांडी लावली आणि नवा नमुना घेतला. तीन दिवसांत काहीच सुधारणा झाली नाही. आम्लात तारेचे प्लॅटिनम कणाकणाने विरघळत होते आणि समोरच्या कोबाल्टवर जाऊन बसत होते. आमचा प्लॅटिनममुक्त उत्प्रेरक प्लॅटिनमवर चालत होता. २०१५ च्या पुढे या धोक्याविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे, काही नियतकालिकांनी प्लॅटिनमची तार वापरण्यावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी ते वाचलेले होते. तरी मला ते माझ्या टेबलावर दिसले नाही, तिला दिसले. निबंध मागे ठेवला. तिची दोन वर्षे लांबली, शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि घरून ‘अजून किती’ असे विचारणारे फोन येत राहिले.

हे लिहितो आहे ते या साऱ्या संशोधनाला मोडीत काढण्यासाठी नव्हे. लहान कॉलेजातल्या कामाला हसणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात मला बसायचे नाही. महाराष्ट्रात या विषयातली जी खरी स्वस्त परंपरा आहे ती कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक स्नानाने पातळ थर बसवण्याची पद्धत वर्षानुवर्षे घोटली. २००० आणि २००४ मधले त्यांच्या गटाचे दोन आढावा निबंध आजही नवशिक्याच्या हाती देण्यासारखे आहेत. त्यातली एक पद्धत निकोलाऊ याने १९८५ मध्ये मांडलेली : काच किंवा पत्रा एका चंचुपात्रात बुडवायचा, पाण्यात धुवायचा, दुसऱ्या चंचुपात्रात बुडवायचा, पुन्हा धुवायचा, आणि थर हवा तेवढा जाड होईपर्यंत हेच करत राहायचे. रंगारी कापड बुडवतो तसे. निर्वात पंप नको, आठशे अंश नकोत. इथे ‘स्वस्त’ म्हणजे काय ते कृतीतच दिसते. त्यासाठी विशेषण लागत नाही. यवतमाळ किंवा पुसदच्या प्रयोगशाळेत हे काम प्रामाणिकपणे होऊ शकते, कारण त्यासाठी लागते ती चिकाटी, आणि ती इथल्या मुलांत आहे.

बाहेरची हवा मात्र घाईची आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचे स्वतःचे धोरण आणले. वणीच्या एका तरुणाने हायड्रोजनवरची मोटार बनवल्याच्या बातम्याही त्याच सुमाराच्या. जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्याच वणीतून कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस निघतात. आजच्या ग्रिडच्या विजेत दर युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असतो. तिच्यावर पाणी फोडले तर एक किलो हायड्रोजनमागे पस्तीस किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याच्या जुन्या पद्धतीत नऊ-दहा किलो जातो. सरकारने ‘हरित’ म्हणायला घातलेली मर्यादा आहे दोन किलोंची. उत्प्रेरक कोणताही लावा, हे गणित त्याने बदलत नाही. सूर्याची किंवा वाऱ्याची वीज असेल तरच पुढचे बोलणे.

पाण्याची काळजी मात्र लोक समजतात तेवढी नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर यवतमाळ शहराने टँकरमागे काढलेले दिवस मी विसरलेलो नाही, त्यामुळे हे जपूनच लिहितो. एक किलो हायड्रोजनमध्ये नऊ लिटर पाणी जाते. शुद्धीकरण, थंड करणे धरून वीस-तीस. ५० लाख टनांसाठी देशभर मिळून नऊ लिटरच्या हिशेबाने साडेचार कोटी घनमीटर, पैनगंगेवरच्या एकट्या ईसापूर धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. अडचण पाण्याच्या शुद्धतेची आहे. केळापूर-झरीकडच्या ज्या विहिरींतल्या फ्लोराइडने माणसांचे दात आणि हाडे गेली, तेच पाणी यंत्राला मात्र आधी क्षार काढून द्यावे लागेल.

त्या मुलीचा प्रबंध अखेर गेला. ग्रॅफाइटच्या कांडीवर घेतलेले आकडे त्यात आहेत, पहिल्यांपेक्षा बरेच कमी. शीर्षकात ‘स्वस्त’ शब्द नाही. तो तिनेच काढला, मी सुचवले नव्हते. प्रबंधाच्या शेवटी तिने दोन पानांचा एक तक्ता जोडला आहे : भट्टी किती तास चालली, मीटरवर किती युनिट पडले, नायट्रोजनचे सिलिंडर कितीला आले, धुण्याला किती लिटर शुद्ध पाणी गेले. पऱ्हाटीच्या रकान्यातही तिने शून्य लिहिलेले नाही. गावाहून बैलगाडीने आणि मग एस.टी.च्या टपावरून पोते आणायला जे लागले, ते साठ रुपये लिहिले आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी या तक्त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.